अधिवेशनाचे सूप वाजताना : अमेरिकी राज्यांचे बँक कायदे आणि इलिनॉयचे इंटरचेंज प्रकरण

अमेरिकेत राज्यांच्या विधिमंडळांना बँकांबद्दल कायदे करता येतात, पण त्या अधिकाराला केंद्रीय कायद्याची वेसण आहे. ती नेमकी कुठे ताणली जाते, यावर दोनशे वर्षे कज्जे चालू आहेत. या कज्ज्यांच्या मुळाशी गेले की एक गोष्ट वारंवार दिसते : बँकांना झोंबणारे कलम अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत, अर्थसंकल्पाच्या वाटाघाटीत ठरलेले असते. समितीत महिनाभर चर्चा होऊन आलेला कायदा आणि शेवटच्या आठवड्यात दुरुस्ती म्हणून चिकटवलेला कायदा यांतला फरक पुढे कोर्टात आणि दुकानाच्या गल्ल्यावर दिसतो. इलिनॉय राज्याचा २०२४ चा इंटरचेंज शुल्क प्रतिबंध कायदा, म्हणजे कार्डाच्या व्यवहारामागे बँका घेतात त्या शुल्कावर बंधन घालणारा कायदा, हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. तो समजायला आधी थोडे मागे जावे लागते.

मेरीलँडच्या विधिमंडळाने १८१८ मध्ये ठरवले की राज्याची सनद नसलेल्या बँकेने आपल्या नोटा राज्याच्या मुद्रांकित कागदावरच काढाव्यात, नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर भरावेत. रोख होता केंद्राने सनद दिलेल्या बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सकडे. १८१९ च्या मॅककुलक विरुद्ध मेरीलँड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कर रद्द केला. यादवी युद्धाच्या काळात, १८६३ आणि १८६४ मध्ये, केंद्राने राष्ट्रीय बँकांचे कायदे केले आणि १८६५ मध्ये राज्य बँकांच्या नोटांवर १० टक्के कर बसवला. राज्य बँका नामशेष होतील असा अंदाज होता. त्या नोटा सोडून ठेवींच्या व्यवसायावर तगल्या. तेव्हापासून एकाच रस्त्यावर दोन बँका असतात, एकीची सनद वॉशिंग्टनची, दुसरीची राज्याची, आणि राज्याचा नवा कायदा दोघींना सारखा लागू होईलच असे नसते.

अधिवेशनाच्या शेवटी झालेला घाईचा कायदा देशभर किती दूर पोचू शकतो, हे १९८० मध्ये साउथ डकोटाने दाखवले. १९७८ च्या मार्केट (Marquette, एका बँकेचे नाव) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की राष्ट्रीय बँक जिथली रहिवासी आहे त्या राज्याचा व्याजदर ती दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकालाही लावू शकते. खटला नेब्रास्कातल्या बँकेचा होता. ती मिनेसोटातल्या कार्डधारकांना १८ टक्के लावत होती, मिनेसोटाची मर्यादा होती १२. सिटीबँक त्या वेळी न्यूयॉर्कच्या व्याजमर्यादेत अडकली होती, महागाईमुळे पैसा उभा करायलाच जास्त खर्च येत होता. साउथ डकोटाने आपली व्याजमर्यादा उठवली. पण तेवढ्याने भागत नव्हते : १९५६ च्या केंद्रीय कायद्यातल्या डग्लस दुरुस्तीनुसार परराज्यातल्या बँक होल्डिंग कंपनीला (बँकांची मालकी असलेल्या कंपनीला) यजमान राज्याने कायद्यानेच आमंत्रण द्यावे लागे. त्या आमंत्रणाचा मसुदा सिटीबँकेनेच तयार केला आणि तो एका दिवसात विधिमंडळातून मंजूर झाला, असे राज्यपाल बिल जँक्लो यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले. सिटीबँकेचा कार्ड व्यवसाय साउथ डकोटातल्या सू फॉल्सला गेला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८१ मध्ये, डेलावेअरने तसाच कायदा केला. देशभरातल्या क्रेडिट कार्डांवरचा व्याजदर व्यवहारात या दोन छोट्या राज्यांच्या कायद्यांनी ठरवला, आणि इतर राज्यांच्या मतदारांना त्यात काहीच म्हणणे मांडता आले नाही. माझ्या मते अमेरिकी बँक कायद्यातला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चा झालेला बदल आहे.

आता शेवटच्या दिवसांचे गणित. प्रत्येक राज्याची तारीख वेगळी आणि तिच्यामागचा दाबही वेगळा. टेक्सासचे विधिमंडळ फक्त विषम वर्षांत १४० दिवस भरते. तिथे हुकलेले विधेयक थेट दोन वर्षांनी परत येते. कॅलिफोर्नियात दोन वर्षांचे अधिवेशन सम वर्षाच्या ३१ ऑगस्टला संपते. तिथल्या बँक नियामकाला व्यापक ग्राहकसंरक्षण अधिकार देणारे विधेयक ३१ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी, मंजूर झाले. मात्र २०१६ च्या जनमतानंतर तिथे अंतिम मजकूर मतदानाआधी ७२ तास जाहीर करावा लागतो, त्यामुळे मध्यरात्री कलम बदलण्याची वाट बरीच अरुंद झाली आहे. ही अट चांगली आहे आणि इतर राज्यांनी ती घ्यायला हवी.

इलिनॉयमध्ये कळीची तारीख ३१ मे. राज्यघटनेनुसार त्यानंतर मंजूर झालेले विधेयक पुढच्या वर्षीच्या १ जूनआधी लागू करायचे असेल तर तीन-पंचमांश मते लागतात. ११८ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात ६० मतांऐवजी ७१, आणि ५९ सदस्यांच्या सिनेटमध्ये ३० ऐवजी ३६. राज्याचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, म्हणून अर्थसंकल्प आणि त्यासोबतची महसुली विधेयके मेअखेर उरकण्याचा आटापिटा असतो. प्रत्येक सभागृहात तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वाचने व्हावीत असेही घटनेत आहे. ते पाळण्यासाठी जवळजवळ मजकूरच नसलेली विधेयके आधीच पुढे सरकवून ठेवतात, त्यांना शेल बिल म्हणतात. शेवटी त्यांच्या पोटात दुरुस्तीने खरा मजकूर घातला जातो. दोन्ही सभागृहांच्या प्रमुखांनी प्रक्रिया पाळल्याचे प्रमाणपत्र दिले की न्यायालये सहसा त्यामागे जात नाहीत. ‘एका विधेयकात एकच विषय’ ही अट उरते, पण ‘महसूल’ या विषयात फार काही मावते.

२०२४ च्या अर्थसंकल्पात राज्यपाल जे. बी. प्रित्झकर यांना महसूल वाढवायचा होता. इलिनॉयमध्ये दुकानदार विक्रीकर गोळा करून वेळेवर भरतो म्हणून त्याला कराच्या १.७५ टक्के रक्कम ठेवून घेता येत असे. ही सवलत महिन्याला कमाल १,००० डॉलरवर आणायची, त्यातून सुमारे १० कोटी डॉलर मिळतील, असा प्रस्ताव होता. हिशेब करून पाहा : १.७५ टक्क्यांनी १,००० डॉलर होण्यासाठी महिन्याला सुमारे ५७,००० डॉलर कर गोळा व्हावा लागतो. फक्त राज्याचा ६.२५ टक्के दर धरला तर ही महिन्याची नऊ लाख डॉलरहून जास्त विक्री झाली. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाला झळ नव्हती, मोठ्या साखळी दुकानांना होती. त्यांच्या संघटनेने विरोध केला आणि तडजोडीत बदल्यात एक गोष्ट मिळवली : कार्ड व्यवहारातल्या कराच्या आणि टिपच्या रकमेवर इंटरचेंज शुल्क घेण्यास बंदी. हे कलम मेच्या शेवटच्या आठवड्यात हाउस बिल ४९५१ या महसुली विधेयकात आले आणि ७ जूनला त्यावर सही झाली. बँकांचा या देवाणघेवाणीत भागच नव्हता. राज्याला कर मिळाला, व्यापाऱ्यांना भरपाई मिळाली, आणि ती भरपाई देणारा तिसराच होता.

इंटरचेंज म्हणजे व्यापाऱ्याच्या बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला दर व्यवहारामागे द्यायचे शुल्क. दर व्हिसा, मास्टरकार्डसारखी नेटवर्क ठरवतात, पैसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. समजा जेवणाचे १०० डॉलर, कर १० आणि टिप २०. या कायद्याविना शुल्क १३० डॉलरवर लागते. २ टक्के धरले तर २ डॉलर ६० सेंट. नव्या कायद्याने ते फक्त १०० डॉलरवर, म्हणजे २ डॉलर. व्यापाऱ्याचे म्हणणे रास्त आहे : कराचा पैसा त्याचा नाही, टिप वेटरची आहे, मग त्यावरचे शुल्क त्याने का भरावे? पण ही वजाबाकी कार्डयंत्रणेत करायची कुठे, याचे उत्तर कायद्याच्या मजकुरात नाही, आणि घाईचा खरा खर्च इथे दिसतो.

कार्ड मशीन मंजुरीसाठी जो संदेश पाठवते त्यात एकूण रक्कम असते. कर वेगळा दाखवणारी माहिती मुख्यतः कंपन्यांच्या व्यावसायिक कार्डांसाठी पाठवली जाते, साध्या कार्डासाठी नाही. उपाहारगृहात टिप मंजुरीनंतर लिहिली जाते आणि दिवसअखेरीच्या हिशेबमिटवणीत मिसळते. छोट्या दुकानात मशीन आणि बिलाचे सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडलेले नसते, माणूस फक्त एकूण आकडा दाबतो. तिथे कर किती होता हे मशीनला कधी कळतच नाही. अर्धा माल परत आला तर परतीच्या रकमेत कर किती, हा आणखी एक प्रश्न.

कायद्याने दोन वाटा दिल्या आहेत. मंजुरीच्या किंवा हिशेबमिटवणीच्या वेळी व्यापाऱ्याने कर-टिपची माहिती पाठवावी. नाहीतर व्यवहारानंतर १८० दिवसांच्या आत कागदपत्रे आपल्या बँकेकडे द्यावीत, आणि त्यानंतर ३० दिवसांत कार्ड देणाऱ्या बँकेने जास्तीचे शुल्क परत करावे. दुसरी वाट कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात व्यापारी आणि कार्ड देणारी बँक यांच्यात कोणताही करार नसतो. मधे व्यापाऱ्याची बँक, प्रक्रिया करणारी कंपनी आणि नेटवर्क असते, आणि हजारो पावत्यांचे तुकड्यातुकड्यांचे शुल्क उलट्या दिशेने नेणारी सोयच अस्तित्वात नाही. उल्लंघनाला दंड मात्र दर व्यवहारामागे १,००० डॉलर. वरच्या उदाहरणात वाद ६० सेंटचा आहे.

त्याच विधेयकात आणखी एक कलम आहे, ज्याकडे सुरुवातीला कमी लोकांनी पाहिले : व्यवहाराची माहिती तो व्यवहार पार पाडण्याखेरीज किंवा कायद्याने आवश्यक असल्याखेरीज व्यापाऱ्याशिवाय इतर कोणी वापरू नये. फसवणूक ओळखणे, कार्डावरचे बक्षीसगुण मोजणे, ग्राहकाला खर्चाचा तक्ता दाखवणे या सगळ्याला हीच माहिती लागते. समितीत बँकेच्या जोखीम विभागातला एक माणूस बोलावला असता तर या ओळीचे शब्द बदलले असते असे वाटते.

योगायोग असा की विधेयक मंजूर होत होते त्याच आठवड्यात, ३० मे २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कँटेरो विरुद्ध बँक ऑफ अमेरिका हा निकाल दिला. प्रश्न न्यूयॉर्कच्या कायद्याचा होता : गृहकर्जाच्या एस्क्रो खात्यावर (घराचा कर आणि विमा भरण्यासाठी कर्जदाराचे पैसे राखून ठेवतात त्या खात्यावर) किमान २ टक्के व्याज द्यावे, हे राष्ट्रीय बँकेला लागू होते का? १९९६ च्या बार्नेट बँक खटल्याने कसोटी दिली होती की राज्याचा कायदा राष्ट्रीय बँकेच्या अधिकारांना रोखत असेल किंवा लक्षणीय अडथळा आणत असेल तरच तो बाजूला पडतो. २०१० च्या डॉड-फ्रँक या वित्तीय सुधारणा कायद्याने ती कसोटी लिखित केली. कँटेरोत न्यायालयाने एकमताने सांगितले की सरसकट नियम लावू नका, आधीच्या निकालांशी बारकाईने ताडून पाहा. म्हणजे इलिनॉयचा कायदा जन्मला तेव्हाच त्याची परीक्षा कशी घ्यायची हे नव्याने खुले झाले होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बँका आणि पतसंघांच्या (सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थांच्या) संघटना शिकागोच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात गेल्या. राष्ट्रीय बँकांच्या नियामकाने त्यांच्या बाजूने म्हणणे मांडले. राज्याचा मुख्य मुद्दा वजनदार होता : दर नेटवर्क ठरवते, बँक नाही, मग बँकेच्या अधिकाराला अडथळा कुठला? बँकांचे उत्तर होते की शुल्क घेण्याचा अधिकार बँकेचाच आहे, ते ठरवण्याचे काम तिने दुसऱ्यावर सोपवले म्हणून तो नाहीसा होत नाही. न्यायाधीश व्हर्जिनिया केंडल यांनी २० डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय बँका आणि केंद्रीय बचत संस्थांपुरता तात्पुरता मनाई हुकूम दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो परराज्याच्या सनदेच्या बँकांनाही मिळाला, कारण १९९४ चा रीगल-नील कायदा त्यांना राष्ट्रीय बँकांच्या बरोबरीने वागवतो. पतसंघांना मिळाला नाही. त्या हुकुमांचा परिणाम असा होता की एकाच दुकानात एकाच मशीनवर चाललेल्या दोन कार्डांना वेगळा नियम लागू व्हावा, कार्ड देणाऱ्या संस्थेची सनद कोणाची यावरून. यातून सर्वांत कमकुवत स्थितीत सापडल्या त्या लहान स्थानिक संस्था, ज्यांच्याकडे वेगळी यंत्रणा उभारायला ना पैसा, ना माणसे.

कायदा १ जुलै २०२५ पासून लागू होणार होता. मे २०२५ च्या अखेरीस, पुन्हा अर्थसंकल्पाच्याच गठ्ठ्यातून, ही तारीख १ जुलै २०२६ वर नेण्यात आली. बदल झाला तो तारखेत. कराची आणि टिपची व्याख्या, १८० दिवसांची कागदपत्रे, माहितीच्या वापरावरचे बंधन आणि दर व्यवहारामागचा १,००० डॉलरचा दंड, यातला एकही तपशील त्या मुदतवाढीने हलवला नाही.