कॅस्टाइल साबण: ऑलिव्ह तेल आणि राख

घरी साबण करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘कॅस्टाइल’ हा शब्द आता चांगला रुळला आहे. चरबी नाही, पाम नाही, खोबरेल नाही, तेल म्हणून फक्त ऑलिव्हचं, असा साबण म्हणजे कॅस्टाइल. नाव पडलं स्पेनमधल्या कास्तिया राज्यावरून. पण कास्तियाचं जुनं पठार हा गव्हाचा आणि मेंढ्यांचा मुलूख. ज्या साबणाने हे नाव गाजवलं तो व्हायचा दूर दक्षिणेला, सेव्हिल शहरासमोर नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीत. १२४८ मध्ये कास्तियाचा राजा तिसरा फर्नांदो याने सेव्हिल जिंकून घेतलं, आणि अंदालुसियातल्या ऑलिव्हच्या बागा कास्तियाच्या ताब्यात आल्या. त्रियानातल्या साबणाच्या कारखान्यांना ‘अल्मोना’ म्हणत. हा शब्द अरबी वळणाचा आहे, आणि मला तो फार बोलका वाटतो. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर, सीरियातल्या अलेप्पोत आणि पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसमध्ये, ऑलिव्ह तेलाच्या साबणाची परंपरा जुनी आहे. लॅटिन ‘सापो’, अरबी ‘साबून’, स्पॅनिश ‘हाबोन’ आणि आपला ‘साबण’ हे सगळे एकाच घरातले शब्द.

उत्तर युरोपात तेव्हा साबण नव्हता असं नाही. तिथे गुराढोरांची चरबी नाहीतर माशांचं तेल घेत आणि लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवत. लाकडाच्या राखेत पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचा खार असतो, आणि पोटॅशने होणारा साबण मऊ राहतो, मलमासारखा. त्यात तेलाचा नाहीतर चरबीचा वास. कपडे, लोकर धुवायला तो चाले. अंगाला लावायचा म्हणजे शिक्षाच. स्पेनहून येणारी पांढरी, टणक, जवळजवळ बिनवासाची वडी अशा बाजारात उतरली की लोक तिच्यासाठी जास्त दाम का मोजत, हे वेगळं सांगायला नको.

ही वडी टणक व्हायची ती राखेमुळे. ऑलिव्ह तेलाचं कौतुक सगळे करतात आणि राखेला विसरतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. आलिकांते आणि मुर्सियाच्या खारवट जमिनीत मांसल पानांची बुटकी झुडपं वाढत. ती कापून वाळवायची आणि खड्ड्यात जाळायची. जळता जळता राख वितळे आणि थंड झाली की दगडासारखी ढेप बने. स्पॅनिश लोक तिला ‘बार्रिया’ म्हणत. समुद्रकाठच्या आणि खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींच्या राखेत पोटॅशऐवजी सोडा, म्हणजे सोडियमचा खार असतो, आणि सोड्याने होणारा साबण टणक होतो. आपल्या वैद्यांना आणि पंसाऱ्यांना ठाऊक असलेला सज्जीखार याच रीतीने होई: खाऱ्या जमिनीतली झुडपं जाळायची आणि खड्ड्यात जमलेला खार काढायचा.

ही ढेप फोडून चुन्याबरोबर पाण्यात भिजवली की खाली जड गाळ बसतो आणि वर दाहक सोड्याची, म्हणजे कॉस्टिक सोड्याची निवळी येते. मोठ्या काहिलीत तेल आणि ही निवळी शिजवायची, मग मिठाचं पाणी ओतायचं. मिठाने साबण फुटून वर तरंगतो आणि जास्तीचा खार, मळ, ग्लिसरीन खालच्या पाण्यात उरतं. ते पाणी काढून टाकायचं आणि पुन्हा नवी निवळी घालून शिजवायचं. असं कितीतरी वेळा, कित्येक दिवस. बार्रियातलं गंधक आणि लोह एकत्र आलं की साबणात निळसर-करड्या रेषा उमटत. अशा रेषांच्या वडीला गिऱ्हाईक मुद्दाम पसंती देई. त्यामागे पक्कं कारण होतं: साबणात पाणी जास्त मारलं तर रेषा तळाशी बसतात, उमटतच नाहीत. म्हणजे रेषा दिसल्या की वजन पाण्याचं नाही याची खात्री.

आता तेलाकडे. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल साधारण ५५ ते ८३ टक्के असतं. त्यामुळे साबण त्वचेला सौम्य लागतो, पण फेस कमी येतो. १ किलो तेलाला सुमारे १३५ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. घरी केलेली महिनाभराची वडी ओल्या हातात धरून पाहा: फुगे येत नाहीत, भेंडी चिरताना बोटांना लागतो तसा तारेचा बुळबुळीतपणा येतो. मला पहिल्यांदा वाटलं होतं, प्रमाण चुकलं. प्रमाण बरोबर होतं, वडी कोवळी होती. तीच वडी सहा-आठ महिने कपाटात वाळू दिली की हलकी, खणखणीत होते आणि फेस दाट, दुधाळ येतो. अलेप्पोचे कारागीर तर ऑलिव्ह तेलात लॉरेल नावाच्या झाडाच्या फळांचं तेल घालतात आणि वड्यांचे उंच मनोरे रचून महिनोन्‌महिने वाळवतात. बाहेरून सोनेरी दिसणारी वडी कापली की आतून हिरवीगार निघते. अलेप्पोची आणि नाब्लुसची अशा दोन्ही परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आल्या.

आणखी एक, साबणाला पहिल्या घाण्याचं महागडं तेल लागतं हा समज चुकीचा आहे. खाण्याचं तेल काढून झाल्यावर उरलेलं, खालच्या प्रतीचं तेल साबणाकडे जाई.

निव्वळ ऑलिव्हच्या साबणाला कायद्याचं बळ मिळालं ते फ्रान्समध्ये, आणि तेही मार्सेय या बंदराच्या शहरातल्या साबणाला. १६८८ मध्ये चौदाव्या लुईच्या फर्मानाने ठरवलं की साबणात ऑलिव्ह तेलच वापरायचं, चरबी घालायची नाही, आणि जून, जुलै, ऑगस्टमध्ये कारखाने बंद ठेवायचे, कारण उन्हाळ्यात माल बिघडतो. स्पेनच्या साबणाची इंग्लंडमध्ये मात्र वेगळीच कीर्ती झाली: तो औषधात गेला. जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंचं मूतखड्यावरचं औषध इतकं गाजलं की १७३९ मध्ये इंग्लंडच्या संसदेने त्याची कृती ५,००० पौंड मोजून विकत घेतली. त्यात अंड्यांची टरफलं होती, जाळलेल्या गोगलगायी होत्या आणि आलिकांतेचा साबण होता. खडा त्याने विरघळत नव्हता. पण ऑलिव्ह तेल आणि सोड्याचा टणक साबण गोळ्या बांधायला आणि चोळायच्या औषधांत पुढेही बराच काळ औषधसंहितेत राहिला.

मोडता घातला तो रसायनाने. १७९१ मध्ये निकोला लब्लांने साध्या मिठापासून सोडा करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. कारखान्यातला सोडा स्वस्त होत गेला तशी स्पेनच्या किनाऱ्यावरची बार्रियाच्या झुडपांची शेती ओसरली. पाठोपाठ एकोणिसाव्या शतकात पाम, शेंगदाणा, खोबरं यांची तेलं युरोपच्या बंदरांत उतरू लागली. मार्सेयनेही ती वापरली.

आणि मग नाव तेलापासून सुटलं. अमेरिकेत एका जुन्या कंपनीच्या ‘कॅस्टाइल’ साबणात ऑलिव्हऐवजी खोबरेल होतं. व्यापार आयोगाने हरकत घेतली, पण १९३२ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. आज ‘लिक्विड कॅस्टाइल’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा खोबरेल असतंच, आणि पातळ ठेवायला सोड्याऐवजी पोटॅश, म्हणजे स्पेनच्या वडीने ज्याला मागे टाकलं तेच. वडी विकत घेताना पाठीमागची यादी वाचावी. ‘सोडियम ऑलिव्हेट’ म्हणजे ऑलिव्ह तेलाचा साबण, ‘सोडियम कोकोएट’ म्हणजे खोबरेलाचा. तेलांपैकी ऑलिव्ह एकटंच असेल तर ती वडी त्रियानाच्या वळणाची.