म्हैस पान्हा का चोरते?

परवा औशाला मामेबहिणीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरून झाल्यावर आत्याबाईंनी वाटीभर पातळ तूप तिच्यापुढं सरकवलं. "पी गं माय, आतून ओशट झालं की लेकरू सटकन येतंय." बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी बाळंतपणाच्या तयारीचा क्लास करून नॉर्मल बाळंत झाले, हे साऱ्या भावकीला माहीत आहे. तिथल्या गर्दीत तिला जे सांगता आलं नाही, ते इथं लिहिते.

तुपाचं आधी उरकते. तूप जठरात जातं, आतड्यात पचतं आणि रक्तात मिसळतं. बाळ असतं गर्भाशयात. अन्नाची वाट आणि बाळाची वाट कुठंच एकमेकींना मिळत नाहीत, त्यामुळे तुपानं बाळाची वाट ओशट होणं शक्य नाही. बाळ खाली सरकतं ते कळांनी. आणि या कळांची यंत्रणा मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना सगळ्यांत आवडीनं शिकवते.

शाळेत आपण शिकतो की शरीर समतोल राखतं. उकाडा वाढला की घाम येतो आणि अंग निवतं. साखर वाढली की इन्शुलिन सुटतं आणि साखर उतरते. वाढलेलं खाली आणायचं, हा शरीराचा नेहमीचा रिवाज. प्रसूतीत मात्र वाढलेलं आणखी वाढवलं जातं. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबतं, तिथल्या नसा ताणल्या जातात, त्यांचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतो आणि त्याच्याखाली लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. त्यानं कळ येते. कळेनं डोकं आणखी दाबतं, म्हणून आणखी ऑक्सिटोसिन, म्हणून आणखी मोठी कळ. हे चक्र फर्ग्युसन या संशोधकानं 1941 मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून मांडलं. बाळ बाहेर आलं की दाबणारं डोकंच उरत नाही आणि चक्र आपोआप थांबतं.

ऑक्सिटोसिन म्हणजे जेमतेम 9 अमिनो आम्लांची साखळी. पीयूषिकेच्या अर्कानं गर्भाशय आकसतं हे ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी 1906 मध्ये पाहिलं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

मग सातव्याच महिन्यात हे चक्र का सुरू होत नाही? कारण तेव्हा गर्भाशय बहिरं असतं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्याला निजवून ठेवतं. दिवस भरत येतात तसे स्नायूपेशींवर ऑक्सिटोसिनचे ग्राहक, म्हणजे त्याला ओळखणारी प्रथिनं, कित्येक पटींनी वाढतात. शेजारशेजारच्या पेशींच्या पटलांत कोनेक्सिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्या तयार होतात. त्या नळ्यांतून विद्युतभारित कण या पेशीतून त्या पेशीत जातात, म्हणून लाखो पेशी एका तालात आकसतात. ऑक्सिटोसिन ग्राहकाला चिकटलं की पेशीच्या आतल्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं होतं, आणि कॅल्शियम आलं की स्नायूतंतू एकमेकांवर सरकतात. त्यातही गंमत अशी की कळ ओसरल्यावर हे तंतू पूर्ववत लांब होत नाहीत. दर कळेला थोडे आखूडच राहतात. वरचा भाग जाड होत जातो, खालचा पातळ होतो आणि तोंड वर ओढलं जाऊन उघडतं, पार 10 सेंटिमीटरपर्यंत.

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये ताईंनी हे फुग्यावर दाखवलं होतं. फुग्यात टेबल टेनिसचा चेंडू घातला, तो गळ्याशी अडकेल असा फुगा फुगवला आणि तोंड न बांधता उलटा धरला. बाजूनं दाबला तर काहीच होईना. "या तुमच्या खोट्या कळा," ताई म्हणाल्या. मग त्या वरून दाबू लागल्या. प्रत्येक दाबाला फुग्याचा लांब गळा थोडा आखूड होई, पातळ होई. पंधरा-वीस दाबांनंतर चेंडूचा पांढरा गोल दिसला आणि टप्पकन खाली पडला. आम्ही आठ जणी गप्प झालो होतो. माझी निम्मी भीती तिथंच गेली.

भीतीचा इथं काय संबंध? आमच्या माहेरी मराठवाडी म्हैस होती. माय धार काढायला बसली की भरभरून दूध द्यायची, परकं माणूस बसलं की पान्हा चोरायची. पान्हा सुटतो तोही ऑक्सिटोसिननंच. जनावर बिथरलं की अ‍ॅड्रेनॅलिन हे भीतीचं संप्रेरक सुटतं आणि पान्हा अडतो. गर्भाशयाच्या स्नायूंवरही अ‍ॅड्रेनॅलिनचे ग्राहक असतात आणि ते कळा ढिल्या पाडतात. अवेळी आलेल्या कळा थांबवायची काही औषधं याच ग्राहकांवर काम करतात.

माझ्यावर हे गुदरलं. पहाटे दोनला कळा सुरू झाल्या, घरी पाच-पाच मिनिटांवर आल्या. दवाखान्यात पोचले. पांढरे दिवे, अनोळखी चेहरे, शेजारच्या खाटेवरचं ओरडणं. कळा पंधरा मिनिटांवर गेल्या. क्लास केला नसता तर मी कदाचित आणखी घाबरले असते, आणि त्या भीतीनं कळा आणखी लांबल्याही असत्या. मला ती म्हैस आठवली. मायला आत बोलावून घेतलं. खिडकीपाशी उभी राहून कठड्याला रेलले, लांब श्वास सोडत राहिले. माय कमरेवर तळहात दाबून धरायची आणि विचारायची, "येऊलालीय का?" तासाभरात कळा पुन्हा जवळ आल्या. सकाळी साडेनऊला लेक झाली.

एका बाळंतपणावरून नियम निघत नाही, हे मला कळतं. पण प्रसूतीत सतत सोबत असण्यावर 17 देशांत मिळून 26 चाचण्या झाल्या, त्यांत 15 हजारांहून जास्त बायका होत्या. सोबत असलेल्यांची नैसर्गिक प्रसूती जास्त प्रमाणात झाली आणि वेळही थोडा कमी लागला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये बाईच्या मर्जीतलं कुणीतरी सोबत असावं अशी शिफारस केली आहे. तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलंच पाहिजे, हा जुना दंडक सगळ्यांना लावू नये, असंही तिनं सांगितलं. तरीही 'शंभर टक्के नॉर्मलची हमी' अशी पाटी लावणाऱ्या क्लासवर विश्वास ठेवू नका. बाळ आडवं असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळाचे ठोके कमी होत असतील, तर सिझर जीव वाचवतं आणि त्यात कुठल्याही बाईचा कमीपणा नाही. मुहूर्त साधायला केलेलं सिझर मात्र मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते. कळा वाढवायला दंडात किंवा कमरेत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका. दोन कळांच्या मधे गर्भाशय सैल पडतं, तेव्हाच वारेतून बाळाला पुरेसं रक्त मिळतं. सलाईनमधून थेंबाथेंबानं दिलेलं औषध जास्त झालं तर लगेच बंद करता येतं. स्नायूत टोचलेलं परत काढता येत नाही. कळांना उसंतच उरली नाही तर बाळ गुदमरतं, गर्भाशय फाटू शकतं. बाळ जन्मल्यावर रक्तस्राव थांबवायला तेच इंजेक्शन देतात, ती गोष्ट वेगळी. ते मलाही दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला अंगावर घेतलं आणि पोटात पुन्हा कळ आली. मी दचकले. माय म्हणाली, "पिशवी जाग्यावर जायलीय, पाज तू." लेक ओढत होती, दूध उतरत होतं आणि त्याच ऑक्सिटोसिननं गर्भाशय आकसत होतं. मायनं माझा हात बेंबीखाली नेऊन ठेवला. तिथं टणक गोळा लागत होता.