हीटर कोअर बदलणे (जुन्या पिकअप गाड्या)

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर, साधारण वहीएवढा. इंजिनात तापलेलं पाणी एका होज पाईपातून आत येतं, दुसऱ्यातून परत जातं, ब्लोअर त्यावरून हवा मारतो आणि केबिन गरम होते. हा गळायला लागला की काढून नवा घालणं हे जुन्या पिकअपवाल्यांचं ठरलेलं काम, शेवरले सी-10 किंवा फोर्ड एफ-100 सारख्या अमेरिकन गाड्यांत तर हमखास, कारण तिकडच्या थंडीत हीटरशिवाय भागत नाही आणि 50 वर्षांपूर्वीचा तांब्या-पितळेचा कोअर अजून किती टिकणार.

सोलापुरात हीटर कशाला, असं कुणीही विचारेल, मे महिन्यात पारा 43-44 ला जातो इथं. पण ज्या गाडीत हीटरचं पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह नाही तिथं हीटर वापरा किंवा नका वापरू, कोअरमधून पाणी फिरतच राहतं. त्यात आपल्याकडं कुलंटऐवजी (इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात ते रसायन) सरळ बोअरचं पाणी ओतायची सवय, त्यातला क्षार बारीक नळ्यांत धरतो, गंज सुटतो आणि कोअर आतून सडतो. थंडीने नाही, पाण्याने मरतो तो इथं.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. कुलंट भरलेलं असेल तर केबिनमध्ये गोडसर वास येतो, पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागतं, रेडिएटरचं पाणी कमी होत जातं पण गाडीखाली थेंब दिसत नाही. समोरची काच आतून धुरकट होते, नुसतं पाणी असतं तर फडक्याने पुसून निघालं असतं, ही कुलंटची चिकट फिल्म बोटाला तेलासारखी लागते. हे कुलंट विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळं सांडलेलं लगेच धुवायचं, कुत्री चाटतात.

काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच धरायचं, गरम रेडिएटरची कॅप उघडली की हात भाजलाच. आधी पाणी काढायचं, मग होज. होज पिळून ओढायचा नाही, ब्लेडने उभा चिरून काढायचा, कारण कोअरच्या नळ्या नुसत्या डाग देऊन (सोल्डरने) जोडलेल्या असतात आणि रेडिएटरवाल्याकडून दुरुस्त करून घ्यायचा विचार असेल तर नळी मोडली की संपलं. 1967 ते 72 च्या बिनएसी सी-10 ला हीटरची पेटी इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला नटांनी धरलेली असते, नट इंजिनाच्या बाजूने सुटतात, गंजलेले असले तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं. मग ब्लोअरची वायर, केबली सोडून पेटी केबिनमध्ये ओढायची, खाली जाड सोलापुरी टॉवेल अंथरायचा कारण आत उरलेलं पाणी सांडतंच. नवा कोअर घालायच्या आधी रेडिएटरवाल्याकडं पाण्यात बुडवून हवा भरून बघावा, बुडबुडा आला तर तिथंच परत करता येतो. कडेची फोमची पट्टी जुनी वापरू नये, फट राहिली की हवा कोअरला वळसा घालून जाते.

बरेच मेकॅनिक दोन्ही होज एकमेकांना जोडून कोअर बाजूला टाकतात. दोन दिवसांसाठी ठीक, कायमसाठी मला पटत नाही. भरलेली गाडी घेऊन तुळजापूरच्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला की हीटर आणि ब्लोअर फुल करून खिडक्या उघडायच्या, तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर निघते, कोअरच नसेल तर हा मार्गच गेला.

शेवटी कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरायचं, हीटरचा लिव्हर गरमवर ठेवून, गाडीचं तोंड चढाला करून इंजिन चालू ठेवायचं म्हणजे कोअरमध्ये अडकलेली हवा निघते, नाहीतर नवा कोअर घालूनही हवा गारच येते. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी बघायची. दोन-तीन दिवस पायाखाली जुना पेपर पसरून ठेवायचा, त्यावर डाग पडला नाही तरच कार्पेट परत टाकायचं.