नकली सिगारेटची खेप बंदरावरच अडवण्यासाठी कस्टम्सकडे ट्रेडमार्क कसा नोंदवायचा

ट्रेडमार्क रजिस्ट्रीत ब्रँड नोंदला की कस्टम्सला तो आपोआप कळतो, असा समज बऱ्याच कंपन्यांत आढळतो. तसं होत नाही. आयात माल संशयावरून रोखून धरायला सांगायचं असेल, तर 'बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियम, २००७' खाली सीमाशुल्क आयुक्तांकडे वेगळी नोंद करावी लागते.

आधी एक फरक लक्षात घ्या. नकली सिगारेट वेगळी आणि चोरटी सिगारेट वेगळी. अस्सल परदेशी ब्रँड शुल्क चुकवून आणला असेल तर त्यात ट्रेडमार्कचा भंग असेलच असं नाही, त्यामुळे हा अर्ज तिथे उपयोगी पडत नाही. पाकिटावर ८५ टक्के भागात आरोग्य इशारा नसेल तर २००३ च्या कोटपा (सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने) कायद्यानुसार असा माल विक्रीसाठी आयातच करता येत नाही. अशा मालाची खबर थेट महसूल गुप्तचर संचालनालयाला किंवा कस्टम्सला द्यावी. ई-सिगारेटच्या आयातीवर तर २०१९ च्या कायद्याने सरसकट बंदी आहे. प्रवाशाच्या सामानातल्या किंवा स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या किरकोळ मालालाही २००७ चे हे नियम लागू नाहीत.

अर्ज कोण करू शकतो

ट्रेडमार्कचा मालक, त्याचा वारस-उत्तराधिकारी, अधिकृत एकमेव परवानाधारक, किंवा यांपैकी कोणी हक्करक्षणासाठी नेमलेली व्यक्ती, कंपनी वा संघटना. ट्रेडमार्कबरोबर पाकिटावरच्या चित्राचा कॉपीराइट आणि नोंदलेलं डिझाइनही देता येतं. पेटंट मात्र २०१८ च्या दुरुस्तीने वगळलं आहे.

कागदपत्रं

तंबाखूसाठी वर्ग ३४ मधलं ट्रेडमार्क नोंदणी प्रमाणपत्र, प्रतिनिधीमार्फत अर्ज असेल तर मुखत्यारपत्र, अधिकृत आयातदारांची यादी, नकली माल कोणत्या बंदरांतून येण्याची शक्यता आहे ती नावं, आणि अस्सल-नकलीतला फरक दाखवणारी छायाचित्रं. शेवटच्या कागदावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी. प्रयोगशाळेत तपासावा लागणारा फरक गोदीत उभ्या अधिकाऱ्याच्या कामाचा नाही. अक्षरांचं वळण, पाकीट उघडायची पट्टी, तळाचा छापील कोड, फिल्टरजवळच्या कागदावरची रेघ असं डोळ्यांनी ओळखता येईल ते द्या. अधिकृत आयातदारांची यादी अर्धवट राहिली तर स्वतःचाच माल अडकतो.

नोंदणी

अर्ज आयसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर, बौद्धिक संपदा विभागात ऑनलाइन भरायचा. शुल्क २००० रुपये. सुरुवातीला तात्पुरता क्रमांक मिळतो. निवडलेल्या कस्टम हाउसने कागद तपासून मान्यता दिली की कायम क्रमांक येतो. एका ठिकाणची नोंद देशभरातल्या बंदरांना चालते. माहिती अपुरी असेल तर ती पुरवायला १५ दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर मुदत वाढते. मंजूर की नामंजूर हे ३० कामकाजाच्या दिवसांत कळवायचं असतं. नोंद किमान वर्षभरासाठी असते. अर्जदाराने स्वतःहून कमी मुदत मागितली तरच ती कमी होते. सोबत सर्वसाधारण हमीपत्रही द्यावं लागतं: आयातदाराचं विनाकारण नुकसान झालं तर जबाबदारी आपली, आणि मालाचा नाश, डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) व डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचा आकार) यांचा खर्चही आपला.

माल अडवल्यानंतर

बहुतेक प्रकरणं इथेच हातची जातात. खेप रोखल्याची सूचना आयातदार आणि हक्कधारक दोघांना मिळते. खेप रोखल्याच्या तारखेपासून ३ दिवसांत हक्कधारकाने त्या खेपेपुरता बाँड (पैशाची लेखी हमी) द्यायचा, मालाच्या किमतीच्या ११० टक्के, आणि बाँडच्या रकमेवर २५ टक्के तारण. म्हणजे माल ४० लाखांचा असेल तर बाँड ४४ लाखांचा आणि तारण ११ लाखांचं. ही रक्कम कोणाच्या सहीने निघणार हे कंपनीत आधीच ठरलेलं नसेल तर तीन दिवस मंजुरीच्या फाइलमध्येच जातात.

शिवाय माल रोखल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत हक्कधारकाने कार्यवाहीत सहभागी व्हायलाच हवं. आयुक्त आणखी १० कामकाजाचे दिवस वाढवून देऊ शकतात. मुदत चुकली आणि आयातीच्या बाकी अटी पूर्ण असल्या तर माल सुटतो. नोंद नसतानाही अधिकारी स्वतःहून खेप अडवू शकतात. पण मग अर्ज आणि बाँड दोन्हींसाठी हातात ५ दिवसच असतात, आणि तेवढ्यात सगळं जमवणं कठीणच.

नमुने पाहून दिलेला अहवाल नेमका असावा. 'माल नकली वाटतो' एवढ्यावर आयातदाराचा वकील सहज बोट ठेवतो. कोणतं चिन्ह, कुठे, अस्सलाहून कसं वेगळं, हे प्रत्येक नमुन्यागणिक लिहा.

भंग सिद्ध झाला आणि न्यायालयात काही प्रलंबित नसेल तर माल देखरेखीखाली नष्ट होतो किंवा नेहमीच्या व्यापारमार्गांबाहेर निकालात काढला जातो. आहे त्या स्थितीत तो परत निर्यात करू देत नाहीत. विल्हेवाटीच्या पद्धतीवर हरकत असेल तर हक्कधारकाला २० कामकाजाचे दिवस मिळतात.

ट्रेडमार्कचं दर १० वर्षांनी नूतनीकरण होतं. त्यात किंवा मालकीत काही बदल झाला, हक्क रद्द झाला, तर कस्टम्सला कळवणं बंधनकारक आहे. संपर्काचा ईमेलही त्याच वेळी तपासा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर सूचना गेली तरी मुदतीचं घड्याळ थांबत नाही.