कोंबडीविना पिल्लू : ब्रॉयलरच्या खाद्यातली प्रतिजैविकं आणि त्यांच्या जागी आलेले उपाय

गावठी कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसते आणि मग पिल्लं घेऊन उकिरडा उकरत हिंडते. तिची विष्ठा, माती, किडे यांतून पिल्लाच्या आतड्यात पहिल्या दिवसापासून जिवाणू वस्तीला येतात. हॅचरीत यंत्रावर उबवलेल्या ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या, पिल्लाला आईच भेटत नाही. कोरं आतडं घेऊनच ते शेडमध्ये उतरतं.

या कोऱ्या आतड्याकडे कुणाचं लक्ष जाण्याआधीच औषध हाती लागलं, तेही अपघाताने. 1948 च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांसाठी बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक (जिवाणू मारणारं औषध) बनवताना उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना घातला. पिल्लं बी-12 च्या हिशेबापेक्षा जास्त वाढली. चोथ्यात शिल्लक राहिलेलं प्रतिजैविक काम करत होतं. लवकरच ही औषधं आजार नसतानाही, अल्प मात्रेत, रोजच्या खाद्यात जाऊ लागली.

1969 मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने धोका सांगितला : औषधाला न जुमानणारे जिवाणू जनावरांतून माणसांत येऊ शकतात. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीचा वापर बंद केला, युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून. भारतात 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली.

प्रतिजैविकांच्या पर्यायाची खरी सुरुवात मात्र फिनलंडची, आणि मला या साऱ्या इतिहासात तीच सगळ्यात आवडते. 1971 मध्ये तिथल्या ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू पसरला. एस्को नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज नवजात पिल्लांना पाजला. पिल्लं साल्मोनेलाला दाद देईनात. जागा आधीच भरलेली असली की उपऱ्याला शिरकाव मिळत नाही. 1973 मध्ये हे प्रसिद्ध झालं. उकिरड्यावरची कोंबडी जे फुकट करते, तेच त्यांनी प्रयोगशाळेत केलं होतं.

आजचे प्रोबायोटिक, म्हणजे खाद्यातून दिले जाणारे उपयोगी जिवाणू, याच विचारातले. त्यांत बॅसिलसला मागणी, कारण त्याचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाची उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस बहुधा तिथेच मरतो. दुसरा पर्याय ब्युटिरिक आम्लाचा. त्याला खवट लोण्याचा वास येतो, शिवाय ते वरच्या आतड्यातच संपतं, म्हणून त्यावर चरबीचं आवरण चढवतात. तिसरा पर्याय वनस्पती-तेलांचा. त्यांतलं थायमॉल तर आपल्या ओव्यातलंच. पण पोटदुखीवर ओवा चावतो म्हणून कोंबडीचं सगळं ओव्यावर भागेल असं नाही. वनस्पती-तेलांचे निकाल शेडगणिक बदलतात.

डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी 1998 मध्ये वाढीची प्रतिजैविकं आपणहून सोडली, तेव्हा एफसीआर (एक किलो वजन वाढायला लागणारं खाद्य) किंचितच बिघडला. मात्र कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी रोखणारी आयनोफोर औषधं खाद्यात राहिली होती, आणि ती क्लॉस्ट्रिडियम या आतड्याला इजा करणाऱ्या जिवाणूलाही आवर घालतात. पर्यायांची जाहिरात करणारे हे सहसा सांगत नाहीत.

क्लॉस्ट्रिडियम बळावला की आतड्याचं अस्तर झडतं, विष्ठा पातळ होते, शेडच्या जमिनीवर अंथरलेलं तूस ओलं होतं. म्हणून जुना सुपरवायझर शेडमध्ये शिरला की आधी मूठभर तूस उचलून दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर खाद्याच्या पिशवीवर काहीही छापलेलं असो, तो पिल्लांच्या पोटाची चौकशी सुरू करतो.