पोच आली नाही, तर किती थांबायचं?

टीसीपीत, म्हणजे इंटरनेटवर माहिती खात्रीने पोहोचवणाऱ्या नियमसंचात, पाठवलेल्या पॅकेटची (माहितीच्या तुकड्याची) पोच आली नाही की प्रश्न एकच: ते पुन्हा कधी धाडायचं? घाई केली तर पहिलं वाटेतच असताना दुसरी प्रत निघते आणि गर्दी वाढते. उशीर केला तर जोडणी हात बांधून बसते.

१९८१ च्या प्रमाणकातला हिशोब भाबडा होता: जाण्यायेण्याच्या वेळेची सरासरी काढा, तिला फार तर दोनने गुणा. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जेमतेम ४०० यार्डांत गर्दी होऊन वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटवर आला. त्याच प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात त्यातून धडा घेतला, आणि सरासरीसोबत चढउतारही मोजायला घेतला. पुढे रूढ झालेलं सूत्र म्हणजे सरासरी अधिक चढउताराची चौपट. नव्या मोजणीला सरासरीत वजन १/८, चढउतारात १/४. म्हणजे भागाकार न करता नुसते बिट सरकवले की भागतं. लिनक्स ही संगणकप्रणाली आजही ही सरासरी आठपट करूनच साठवतो.

२००० च्या प्रमाणकाने किमान प्रतीक्षा १ सेकंद सुचवली. लिनक्सने ती २०० मिलिसेकंदच ठेवली. इंटरनेटवर ते ठीक. पण डेटा सेंटरमध्ये पॅकेट मिलिसेकंदाच्या आतच जाऊन येतं. तिथे अनेक सर्व्हर एकदम उत्तर देतात, स्विचची रांग ओसंडते, आणि एक पॅकेट गळलं की शेकडो फेऱ्यांचा वेळ वाया. बरं, आकडा डोळे मिटून उतरवावा तर पलीकडचा पोच मुद्दाम थोडी रोखून धरतो. मग पुन्हा फुकटच्या प्रती. रूटनिहाय किमान ठरवायची सोय होतीच. २०२४ मध्ये लिनक्सच्या आवृत्ती ६.११ ने सरसकट किमान मर्यादेसाठी सिसकंट्रोल (चालू यंत्रणेत बदलता येणारी सेटिंग) दिला. मूळ २०० मात्र जागचे हलले नाहीत.

दुसरं टोक कमाल प्रतीक्षेचं, १२० सेकंदांचं. दर अपयशाला प्रतीक्षा दुप्पट: ०.२, ०.४, ०.८ करत १०२.४ पर्यंत दहा पायऱ्या, बेरीज २०४.६, पुढे १२० च्या सहा; मूळ पाठवणी आणि १५ पुनर्प्रयत्न मिळून सोळा. पलीकडचं मशीन गेलं हे मान्य करायला किमान ९२४.६ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं! २०२५ च्या ६.१५ पासून ही कमाल मर्यादाही १ सेकंदापर्यंत उतरवता येते. पण पुनर्प्रयत्नांची संख्या १५ च ठेवली, तर तीच बेरीज १४.४ सेकंदांवर येते, आणि केबल पंधराएक सेकंद निघाली तरी चालू जोडण्या तुटायला लागतात.