लाइट गेली की सोलर का बंद पडतं?

छपरावर सोलर बसवलं, बाहेर लख्ख ऊन आहे, तरी लाइट गेली की पंखाही थांबतो. आपल्याला फसवलं, असं वाटतं. खरं तर यंत्र अगदी बरोबर वागलेलं असतं.

पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. बॅटरी नसलेला, ग्रिडला म्हणजे तारांच्या मोठ्या जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर हेस्कॉमच्या (आपल्या बेळगावकडच्या वीज कंपनीच्या) तारेतली ५० हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची लहर पकडतो आणि तिच्याच तालात प्रवाह आत सोडतो. पण लाइट गेल्याचं त्याला कळतं कसं? गल्लीतली चार छपरं मिळून गल्लीपुरती वीज देत असतील, तर तारेत व्होल्टेज टिकूही शकतं. म्हणून तो लहरीची वारंवारिता (सेकंदाला किती हेलकावे ते) सतत किंचित सरकवून बघतो. मागे अख्खं ग्रिड असेल, तर उसाने भरलेली ट्रॉली एकट्याने रेटल्यासारखं होतं. काही हलत नाही. मागे कोणी नसेल, तर वारंवारिता भरकटते, मर्यादेबाहेर जाते आणि इन्व्हर्टर दोनेक सेकंदांत बंद होतो. नाहीतर बंद समजलेली तार जिवंतच राहील; खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव यावर अवलंबून असतो!

बॅटरी जोडलेला हायब्रिड इन्व्हर्टर मात्र लाइट जाताच घर तारेपासून तोडतो आणि बॅटरीवर स्वतःच ५० हर्ट्‌झ तयार करतो. शिवाय दुपारची वीज संध्याकाळी वापरता येते. वीज कंपनीची अडचण इथून सुरू होते.

खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, पगार, वीज खरेदीचे दीर्घ करार, हा खर्च विक्री घटली म्हणून घटत नाही. समजा १०० रुपये १०० युनिटांवर वाटलेत. लोक सोलरकडे वळून त्यातली २० युनिटं गेली की उरलेल्या प्रत्येकावर सव्वा रुपया बसतो. दर वाढला की आणखी काहींना बॅटरी परवडू लागते. आधी जाणार तेही पूर्ण दर भरणारे: उद्यमबागेतले कारखाने, मोठी दुकानं, बंगले. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत २०० युनिटांच्या आत ज्यांचं बिल शून्य येतं, ते कशाला जातील?

‘मीटरच काढून टाका’ म्हणणाऱ्या विक्रेत्यांचं मात्र ऐकू नका. जुलैत खानापूरकडे दिवसचे दिवस ऊन पडत नाही; बॅटरी रात्र काढते, पावसाळा नाही. आणि वास्तूच्या नावाखाली दक्षिण टाळून पॅनेल भलतीकडे वळवणं म्हणजे हातची वीज घालवणं. बेळगाव साधारण १६ उत्तर अक्षांशावर आहे, पॅनेल दक्षिणेकडेच कललेलं हवं.

म्हणजे पावसाळ्यासाठी तार लागणारच, आणि तिचा खर्च बाराही महिने चालू राहणार. तो युनिटच्या दरात लपवण्यापेक्षा जोडणीच्या क्षमतेनुसार वेगळा आकारावा, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर बंगल्याच्या तारेचे पैसे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या बिलात येतील. त्याच्याकडे तर पॅनेल लावायला स्वतःचं छप्परही नाही.